धुरापासून वाचवलेल्या माश्या

केळ्यांवर माश्या बसल्या की परभणी जिल्ह्यातले बाकी सगळे लोक त्या हाकलत. बाबांचे एक मित्र तेवढे त्यांची विचारपूस करत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे हे काका घरी दुधाच्या बाटल्यांत फळमाश्या पाळायचे. रवा आणि गूळ शिजवून त्यांचं जेवण स्वतः बनवायचे, आणि रवा उरला तरच घरात उपमा व्हायचा. सेलूला एका लग्नात नवरा-नवरीला सोडून ते केळीच्या सालींपाशी अर्धा तास उकिडवे बसले होते. लग्नघरचे रागावले, पण काकांना तिथंच पंख वर वळलेली माशी मिळाली. चार महिन्यांत तिचा वंश स्वयंपाकघरातल्या फळीवर नांदू लागला. काकू म्हणायच्या, "माझ्या माहेरचे आले तर यांना नावं आठवत न्हाईत. माश्यांच्या सात पिढ्या तोंडपाठ हायत."

जानेवारीत पुण्याला माश्यांच्या अभ्यासकांचं संमेलन होतं. तिथं ते वळलेले पंख दाखवायचे म्हणून काका महिनाभर नीट झोपले नाहीत. "आपल्या भागात असली माशी कुणालाच गावली न्हाई बेटा," ते मला सांगायचे. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. म्हणून संमेलनातला त्यांचा इंग्रजी निबंध वाचून दाखवायला कॉन्व्हेंटातली मी. वर्गात हजेरीलासुद्धा माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नसे, पण ते काकांना सांगायलाही आवाज लागला असता.

पुण्यात काकांनी इथरनं माश्या झोपवल्या आणि लोक सूक्ष्मदर्शकापुढं रांगेनं उभे राहिले. पहिल्याच गृहस्थांनी मान वर केली. "वळलेले पंख कुठायत हो? ही तर साधीसुधी माशी."

काकांनी पाहिलं. दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली. सगळ्यांचे पंख सरळ. "आता म्हणतील, बाजारातून धरून आणली," ते पुटपुटले.

मला कारण दिसत होतं, आणि दुसरं कुणी ते सांगणार नव्हतं. "चुलीच्या धुरानं माश्यांचे डोळे चुरचुरतील म्हणून काकांनी महिन्यापूर्वी या बाटल्या न्हाणीघरात हलवल्या, आणि तिथल्या अंधारात पंख कुणी पाहिलेच नाहीत," मी म्हणाले. "स्वयंपाकघरात राहिलेल्या एका बाटलीत परवासुद्धा पंख वळलेलेच होते."

एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञांनी विचारलं, "न्हाणीघरात तापमान किती होतं?"

थर्मामीटर कुणी लावला होता? "खोबरेल तेल दगडासारखं थिजत होतं," मी म्हणाले.

सगळे हसले, म्हातारबुवा मात्र वहीत लिहून घेत होते. "थंडीत पंख सरळ राहत असतील तर उबेत पुढची पिढी वळलेली निघेल. दोन बाटल्या ठेवून जा."

मार्चमध्ये त्यांचं कार्ड आलं: पंख वळले. तोवर काकांच्या घरच्या बाटल्यांत मुंग्या शिरून सगळा वंश संपला होता. त्यांनी ते कार्ड दोनदा वाचलं. "पोरी परगावी सुखानं नांदायल्यात," ते काकूंना म्हणाले आणि रिकाम्या बाटल्या धुवायला बसले.