कुंकू राहिलं

आदर्श ठरायचं असेल तर आधी अर्ज करावा लागतो, हे मला नोकरीत बरीच वर्षं काढल्यावर कळलं. मी ग्रामसेविका. आता आमच्या पदाचं नाव बदललं, कागदावर आम्ही ग्रामपंचायत अधिकारी झालो, पण घाटंजीच्या पुढे ज्या गावात मी काम करते तिथं अजून ‘ग्रामसेविका मॅडम’च. चांगलं काम करणाऱ्यांना आमचं वरचं कार्यालय आदर्श पुरस्कार देतं. त्यासाठी प्रस्ताव ज्याचा त्यानंच करायचा. मी किती मन लावून काम करते, गाव मला किती मानतं, हे माझं मीच लिहायचं, वर फोटो चिकटवायचे. मला हा प्रकार पहिल्यापासून किळसवाणा वाटतो. म्हणून मी कधी त्या वाटेला गेले नाही.

माझा प्रस्ताव केला आमच्या विस्तार अधिकाऱ्यांनी. तालुक्यातल्या ग्रामपंचायतींवर देखरेख करणारे साहेब, माणूस भला. म्हणाले, “तुमी नाही केला तर मी करतो, पण यंदा तुमचं नाव गेलंच पाहिजे.” कारण आमच्या गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव घेतला होता. ठराव घेणारी गावं पुष्कळ. आमच्या गावानं तो पाळला होता.

मी स्वतः विधवा आहे. नवरा आठवडी बाजारात चक्कर येऊन पडला तो उठलाच नाही. माझी नोकरी त्याच्या आधीपासूनची, परीक्षा देऊन मिळवलेली. तरी नवा माणूस भेटला, त्यानं माझं कपाळ पाहिलं की पहिला प्रश्न हाच, “अनुकंपावर लागल्या काय मॅडम?” म्हणजे नवरा मेला म्हणून दयेनं मिळालेली नोकरी. माझ्या डोक्यात तिडीक जायची. नवऱ्यानं मरून मला काही दिलं नाही, उलट जे होतं तेच लोकांनी काढून घेतलं. हळदी-कुंकवाची बोलावणी बंद झाली. गावातल्या बायकांच्या कार्यक्रमात भाषण माझं, सतरंज्या मी घालून घेतलेल्या, आणि वाण लुटायची वेळ आली की मी आपली बाहेर फोनवर बोलत उभी. फोन कोणाचाही नसायचा.

अशीच एका संक्रांतीला पंचायतीच्या व्हरांड्यात उभी होते. आत हळदीकुंकू चाललं होतं आणि बाहेर स्टोव्हवर शाळेत खिचडी शिजवणारी ताई सगळ्यांचा चहा करत होती. तिचा नवरा त्याआधीच्या पावसाळ्यात गेला होता. बायकांनी नाल्यावर नेऊन तिच्या बांगड्या दगडानं फोडल्या, त्यात मनगट कापलं गेलं, ती खूण तिच्या हातावर दिसत होती. मी म्हटलं, “ताई, तुम्ही आत का नाही जात?” ती चहा गाळतच बोलली, “तुमी तं सायेब आहा, तुमी नाही गेल्या. मी कशी जाऊ?”

त्या वाक्यानंतर मला झोप लागेना. पुढच्या ग्रामसभेत मी विषय ठेवला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “शासनाचं पत्रक हाय काय याचं?” आहे म्हटल्यावर तो लगेच खाली बसला. बायको मेलेल्या माणसाचं काय फोडायचं असतं हे त्याला कधी शासनाला विचारावं लागलं नव्हतं. अनुमोदन कोण देणार यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा आमची एक सदस्या उठली, बौद्ध वाड्यातली, जिभेनं तिखट. “आमच्यात हे नाही. पन तुमच्या बायाले तुमी सोडून राह्यले नाही, तं हात मीच वर करतो,” म्हणाली. ठराव झाला.

ठराव झाला म्हणून काही लगेच कोणी पुढे आलं नाही. वर्षभर घरोघर फिरले. सासवांच्या शिव्या खाल्ल्या. पुढच्या संक्रांतीला पंचायतीत पहिलं कुंकू खिचडीवाल्या ताईला लागलं, दुसरं मला. ताईचा चेहरा त्या दिवशी असा झाला होता की मला तिच्याकडे बघवेना. त्यानंतर ती रोज कुंकू लावून शाळेत यायला लागली. चांगलं ठसठशीत. तिला बघून आणखी बायका धजावल्या. मी एवढ्या वर्षांत रस्ते केले, नाल्या केल्या, पाण्याच्या टाक्या केल्या, पण कामाचं सुख म्हणाल तर ते एवढंच.

पुरस्कार जाहीर झाला आणि निमंत्रण आलं. पत्रिकेवर छापलेलं: ‘आपण सपत्नीक उपस्थित राहावे.’ मी हसले. पुरस्काराचं नावही ‘आदर्श ग्रामसेवक’च होतं, तेव्हा मला पत्नी असणार असं त्यांनी धरलं असावं. मग कार्यालयातल्या बाबूचा फोन आला.

“मॅडम, मिस्टर येतील ना? जोडीनं सत्कार असते.”

“मिस्टर नाहीत. वारले.”

मग तो अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, “मंग भावाले घेऊन या. नाही तं पोराले.”

“भावानं काय केलं या गावात? त्यानं गाव पाहिलंसुद्धा नाही.”

“तसं नाही मॅडम. ओटीचा प्रश्न येते. माणसाले शाल-नारळ अन् बाईले कुंकू लावून ओटी, असा कार्यक्रम ठरला हाय. तुमाले कशात बसवावं?”

मी म्हटलं, पुरस्कार कशाबद्दल आहे ते एकदा वाचून बघा, आणि फोन ठेवला. मला वाटलं, वाचेल. वाचता येत होतं त्याला.

गावातल्या बायकांना पुरस्काराची बातमी कोणी सांगितली माहीत नाही, पण कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी काळीपिवळी जीप भरून त्या माझ्यासोबत निघाल्या. ताई पुढच्या सीटवर, लग्नाला निघाल्यासारखी. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. यवतमाळ येईपर्यंत गाणी चालली होती. मला त्यांचा आधारही वाटत होता आणि जोखीमही. त्या माझा सत्कार बघायला आलेल्या नव्हत्या. गावात आपण जे केलं ते बाहेर, मोठ्या लोकांतही चालतं की नाही, हे त्या बघायला निघाल्या होत्या. गावातल्या कुंकवावर पंचायतीचा शिक्का होता. आज त्यावर वरचा शिक्का बसणार होता.

मंगल कार्यालयात गर्दी होती. एकेक जोडपं वर बोलावत होते. ग्रामसेवकाच्या अंगावर शाल, हातात मानचिन्ह. शेजारी त्याची बायको, तिला पाहुण्या बाई कुंकू लावायच्या, ओटी भरायच्या. त्या बायका ग्रामपंचायतीची पायरीही चढल्या नसतील. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. नवरे घरी नसताना त्यांनी घरं चालवली, त्यांचा मान होतो ते बरंच आहे.

माझं नाव आलं. निवेदक माइकवरून खणखणीत आवाजात वाचत होता, ‘विधवा प्रथेचं समूळ उच्चाटन करून महिलांना सन्मानानं जगण्याचा हक्क मिळवून दिल्याबद्दल.’ टाळ्या झाल्या. मागून आमच्या बायकांच्या सगळ्यात मोठ्या. माझ्या खांद्यावर शाल आली. पाहुण्या बाईंनी सवयीनं तबकातलं चिमूटभर कुंकू उचललं आणि त्यांचा हात माझ्या कपाळाकडे निघाला. माझ्या कपाळावर आधीच कुंकू होतं, त्यांना शंका यायचं कारण नव्हतं. तेवढ्यात तो फोनवाला बाबू लगबगीनं पुढे झाला आणि त्यांच्या कानाशी लागला. बाईंचा हात थांबला. त्यांनी ती चिमूट तबकाच्या कडेला पुसली, माझ्या हातात मानचिन्ह दिलं आणि नमस्कार केला. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा.

मी जागची हलले नाही. म्हटलं, “मॅडम, कुंकू राहिलं.”

माइक जवळच होता. ते सभागृहभर ऐकू गेलं. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. बाई गोड हसून म्हणाल्या, “असू द्या ना ताई, तुमचा मान त्याहून मोठा आहे.” तेही माइकनं सगळ्यांना ऐकवलं, आणि त्यावर टाळ्या पडल्या. निवेदकानं पुढचं नाव पुकारलं. पुढचं जोडपं पायऱ्या चढत होतं आणि तबक माझ्यासमोरून त्यांच्याकडे गेलं.

मला आजही त्या बाईंचा तेवढा राग येत नाही जेवढा त्या टाळ्यांचा येतो. सगळे माझ्यासारखेच नोकरदार. प्रत्येकाच्या गावाच्या दप्तरात हा ठराव पडलेला. त्यातल्या एकाच्याही तोंडून निघालं नाही की अहो, लावा ना कुंकू, त्यासाठीच तर बोलावलं त्यांना. माझ्यासाठी कोणी भांडावं अशी माझी अपेक्षा नव्हती. निदान टाळ्या वाजवायच्या नव्हत्या.

परतताना गाडीत कोणी गायलं नाही. ती तिखट सदस्या एकटीच बाबूच्या सात पिढ्या काढत होती, पण तिलाही कोणी साथ देईना. ताई खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या दिवशी पेपरात आमचा फोटो आला, खाली लिहिलेलं की विधवा भगिनीचा सन्मान करून कार्यालयानं पुरोगामी पायंडा पाडला. विस्तार अधिकारी साहेबांनी कात्रण पाठवून अभिनंदन केलं. भला माणूस आहे म्हणून मी काही बोलले नाही, नाहीतर त्या दिवशी माझ्या तोंडी कोणी लागायला नको होतं.

मग ताई मला शाळेत कुंकवाशिवाय दिसायला लागली. विचारलं तर म्हणायची, घाई झाली. घाई रोजच व्हायला लागली. मी समजायचं ते समजले, पण वाटलं, जरा दिवस जाऊ देऊ, मग बोलू.

तेवढ्यात तिचा जावई गेला. पोरगी फुलसावंगीला दिलेली, हात लावला तर मळेल अशी. मोटारसायकलच्या अपघातात नवरा जागीच संपला. तेरवी झाल्यावर ताईनं तिला माहेरी आणली. मी भेटायला गेले तर पोरगी भिंतीला टेकून बसलेली, हात उघडे, कपाळ उघडं. माझं रक्त उसळलं. मी ताईला म्हटलं, फुलसावंगीच्या ग्रामपंचायतीत माझ्या ओळखीचे आहेत, तिच्या सासरच्यांना मी सोडणार नाही, या वयाच्या पोरीच्या बांगड्या फोडताना त्यांना काही वाटलं कसं नाही.

ताई म्हणाली, “त्यायले काही बोलू नका मॅडम. सासू नाहीच म्हनत होती. म्हने राहू द्या पोरीचं कुंकू. म्याच काढलं.”

मला ऐकलेलं खरं वाटेना. ज्या बाईच्या मनगटावर अजून दगडाची खूण आहे, तिनं?

“काहून?” मीही तिच्याच बोलीत विचारलं.

“तुमाले तिथं चार लोकायत मांगं सारलं. तुमी एवढ्या शिकेल, सायेब, तोंडानं मागतलं तरी नाही लावलं. माह्या पोरीले कोन पुसते? कोन्या लग्नात, कोन्या कार्यक्रमात कोनी तबक वापस नेलं तं ते मरून जाईन. त्याच्यापेक्षा घरातच काढून घेतलं. म्या हळूच काढलं मॅडम. बांगड्या फोडल्या नाही. तेल लावून उतरवल्या.”

पोरगी खाली बघत होती. चहा आला, तो घेतला.

त्याच आठवड्यात मी शाल आणि मानचिन्ह पिशवीत घालून यवतमाळला गेले आणि बाबूच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, हे परत घ्या. माझ्या गावात विधवा प्रथा बंद झालेली नाही, यादीतून नाव काढा. तो गोंधळला. त्यानं आजूबाजूला पाहिलं, खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. त्याला खरंच कळत नव्हतं की मी कशावर चिडले आहे.

“मॅडम, पुरस्कार वापस घ्याची तरतूदच नाही,” तो म्हणाला. “अन् तुमचं काम तं चांगलंच होतं ना.”