कुरामोचींची फिकट शाई

डिसेंबर लागला की कुरामोचींची बोटं निळी-जांभळी व्हायची. सार्वजनिक स्नानगृहातले म्हातारे त्यांची खेचायचे, "काय हो, यंदा कुणाचा गळा दाबलात?" कुरामोची हसायचे नाहीत. "प्रिंटरपेक्षा त्याची शाई महाग असते, ठाऊक आहे का?" एवढंच म्हणायचे आणि बोटं घासत बसायचे. डाग काही केल्या निघायचे नाहीत.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. सरकारी वसाहत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यात उत्तर जपानमधल्या यामागाताचा बर्फ. इथे शेजाऱ्याचं सगळं कळतंच, कळून घ्यायचं नसलं तरी.

जन्मभर चेरी डबाबंद करायच्या कारखान्यात काढलेला हा माणूस निवृत्त झाला आणि शाईच्या नादी लागला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, रिकाम्या कार्ट्रिजला वरून भोक पाडायचं, सिरिंजनं थेंब थेंब शाई आत सोडायची आणि चिकटपट्टी लावून भोक बंद करायचं. प्रिंटर तरीही दिवा लुकलुकवत 'शाई संपली' म्हणायचा. कुरामोची त्याचं बटण दाबून धरायचे, तो गप्प होईपर्यंत. "खोटारडा आहे लेकाचा."

"अहो, यंत्राशी कसले भांडताय?" त्यांची बायको फुसाए म्हणायची. "एकदा नवीन आणा की विकत. टेबलावर जेवायचं कुणी?"

"भरलेलं चालतं."

हे 'भरलेलं चालतं' मी किती वेळा ऐकलं असेल! चमडी देईल पण दमडी देणार नाही, असा माणूस. फुसाए माझी मैत्रीण. सलगमाचं लोणचं आम्ही दोघी एकाच पिंपात घालायचो, म्हणून मला तिच्या बाजूनं बोलायचा हक्क आहे.

नवीन वर्षाच्या शुभेच्छापत्रांसाठी हा सगळा खटाटोप. पहिल्या तारखेच्या सकाळी पत्र पेटीत पडलंच पाहिजे. फुसाएच्या यादीत नावं भरपूर होती, पण तिचा जीव एकाच पत्रात असायचा. साकाताला, समुद्रकाठी राहणाऱ्या थोरल्या बहिणीच्या, हात्सुएच्या. आईच्या आजारपणात दोघींचं बिनसलं ते कायमचं. जाणं-येणं बंद, फोन बंद. वर्षातून एक पत्र इकडून, एक तिकडून, एवढाच धागा उरला होता.

आमच्याकडे दर वर्षाला एक प्राणी असतो, तोच पत्रावर छापतात; सशाचं वर्ष येणार होतं तेव्हा फुसाए तापानं पडली होती. कुरामोचींनी सगळी पत्रं एकट्यानंच छापली. काळ्या शाईची बाटली तळाला गेली होती, म्हणून त्यांनी उकळून गार केलेलं पाणी त्यात घातलं. बायकोला न दाखवता पत्रं टाकूनही आले. पहिल्या तारखेला माझ्या पेटीत ते पत्र आलं. ससा धुऊन वाळत घातल्यासारखा, आणि खाली 'नववर्षाच्या शुभेच्छा' राखेच्या रंगात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी हात्सुएचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, मोचीचा, म्हणजे तांदळाच्या गोळ्यांचा, रस्सा खात. तिचा आवाज एवढा चढला होता की फुसाएला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"फुसाए, कोण मेलंय तुझ्या घरात?"

"कुणी नाही गं ताई, ती शाई जरा..."

"फिकट शाई सुतकाच्या पत्राला वापरतात, हेही विसरलीस? रडता रडता शाई घोटली, डोळ्यांतलं पाणी पडून ती पातळ झाली, म्हणून ती फिकट. सणाच्या दिवशी मला ते पाठवतेस? माझ्या मरणाची एवढी घाई झाली असेल तर समोर येऊन सांग. यापुढे पत्र नको."

फुसाए रडली नाही. तिनं फोन ठेवला आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. कुरामोची वाटीत तोंड खुपसून बसले होते.

"पुढच्या वर्षी ड्रॅगन आहे," ती शेवटी म्हणाली. "ताई नको म्हणाली तरी पाठवीन. लालभडक ड्रॅगन आणि काळीभोर अक्षरं. नवीन शाई आणाल?"

"पाणी न घालता भरतो," कुरामोची म्हणाले.

मला तेव्हा त्यांच्या डोक्यात वाटी घालावीशी वाटली.

उन्हाळ्यात फुसाएचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी स्वादुपिंडाचं नाव घेतलं, तेव्हाच आम्ही सगळे समजलो. शरदात ती हॉस्पिटलमधून परत येण्यासारखी राहिली नव्हती. एकदा मी लोणच्याचा डबा घेऊन गेले, तेव्हा ती नवऱ्याला म्हणत होती, "ड्रॅगनपर्यंत काही मी टिकत नाही. सुतकाचं पत्र छापाल ना, ते तरी नवीन शाईनं छापा. मला फिकट करू नका हो. मी काय फिकट होते?"

"फिकट कसली? तू तर लाल मिरची," कुरामोची म्हणाले. ती हसली. त्यांना विनोद करताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

नोव्हेंबर संपता संपता ती गेली.

कुरामोचींनी साकाताला फोन केला. सशाच्या पत्राच्या शाईत पाणी आपणच घातलं होतं, हेही सांगून टाकलं. हात्सुएचे गुडघे गेलेले, त्यात बर्फानं गाड्या बंद, ती येऊ शकली नाही. पण ती फोनवर लहान मुलीसारखी रडली, असं कुरामोचींनी मला सांगितलं. "म्हणाल्या, सुतकाचं पत्र मला नक्की पाठवा. आईबाबांच्या स्मृतीच्या देव्हाऱ्यात ठेवते. आईपाशी बसू दे तिला." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. जिवंतपणी जमलं नाही ते आता जमणार होतं.

दुसऱ्याच दिवशी ते बर्फातून बाजारात गेले आणि नवीन कार्ट्रिज घेऊन आले. प्रिंटर पहिल्यांदाच काही कुरकुरला नाही. मी पत्रं सुटी करायला बसले होते. पहिलं पत्र बाहेर आलं आणि मी दचकले. 'पत्नी फुसाए हिचे निधन झाले, म्हणून यंदा शुभेच्छा नाहीत,' एवढाच मजकूर, पण काळाकुळकुळीत.

"अहो, हे फिकट छापतात," मी म्हटलं. "गडद शाई म्हणजे आधीच घोटून तयार ठेवली होती, वाटच बघत होते, असा अर्थ घेतात जुनी माणसं."

"माहीत आहे मला."

"हात्सुएबाई जुन्या वळणाच्या आहेत. निदान त्यांचं तरी..."

"तिनं सांगितलंय, फिकट नको." ते माझ्याकडे बघतही नव्हते. "जन्मभर पाणी घातलं मी. आता नाही घालणार."

मी पत्रं नीट रचून ठेवली. खरं सांगायचं तर ती सुंदर दिसत होती. फुसाएचं नाव इतकं ठसठशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

आठवडाभरात साकाताहून पाकीट आलं. आत तेच पत्र होतं, दुमडलेलं. सोबत चिठ्ठी नव्हती. कुरामोचींनी माझ्यासमोरच फोन लावला. ते 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलत होते. मग त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ती होती तेव्हा तुम्हाला पाणी घालावं लागलं, आणि ती गेल्यावर एवढी दाट शाई बरी मिळाली. वाटच बघत होतात ना? हे पत्र आईपुढे ठेवणार नाही."

"पण तुम्ही सांगायचं होतंत! फुसाएची इच्छा होती म्हणून!"

"सांगितलं. मेलेल्या माणसाच्या नावावर खपवू नका म्हणाल्या."

मी म्हटलं, मी बोलते, फोन लावा. त्यांनी लावला. तिकडून कुणी उचलला नाही. पुढेही कधी उचलला नाही.

पहिल्या तारखेला सकाळी मी खाली गेले तर कुरामोची पत्रपेटीपाशी उभे. सुतकाच्या घरी शुभेच्छा कोण पाठवणार? सगळ्यांना त्यांनीच तर कळवलं होतं. तरीही पेटी उघडून आत हात घालून बघत होते. बोटं स्वच्छ होती, नखांतसुद्धा निळं काही नव्हतं. इतक्या वर्षांत मी ती तशी पाहिली नव्हती आणि मला ती बघवेनात.

"ती नवीन शाई अजून पुष्कळ उरली आहे," ते म्हणाले. "वापरली नाही तर आतल्या आत सुकते म्हणे."

"मग छापा काहीतरी."

"काय छापू?"

त्यांनी पेटी बंद केली आणि ते कठड्याला धरून जिना चढायला लागले.