लेकाच्या माउसले मी हसली

ऐका बायांनो, मी बोलून राहिली अन् सून लिहून राहिली. आज मले माह्याच तोंडाची लाज वाटली.

प्लांटातून रिटायर झालेला माहा लेक घरीच जुन्या पद्धतीचा कम्प्युटर बनवते. त्या कम्प्युटरले फक्त कीबोर्ड होता. तीन महिने खपून त्यानं आज माउस चालवला अन् मले हाक मारली, "आई, पडद्यावरचा बाण सरकवून पाह!"

शेजारणींसमोर मी म्हटलं, "एवढ्यासाठी तीन महिने? सुपेल्याच्या बाजारात दुकानात मिळते तो तर लावला की चालते!"

साऱ्या हसल्या. त्यानं स्विच बंद केला.

मंग सून म्हणाली, "आई, कीबोर्डवर अक्षरं असतात, ती तुम्हाले वाचता येत नाहीत. तुम्हालेही कम्प्युटर चालवता यावा म्हणून यांनी माउस लावला."

लहान असता तर लाडू देऊन मनवला असता. साठीतल्या लेकाची माफी कशी मागतात, सांगा.