आधी नाव, मग मशीन

त्या सकाळी मोबाईलवर माझ्या मेव्हण्यांचं, विलासदादांचं, नाव दिसलं आणि हॅलोसुद्धा न म्हणता मी घाईघाईने सांगून टाकलं, “भरलं, दादा, पीएफचं चलन कालच भरलं!” भरलेलं नव्हतं, हे सांगायला नकोच. पलीकडे शांतता. वाटलं, पकडला गेलो. मग वहिनींचा आवाज आला, “दाजी, मी बोलतेय... हे गेले हो.” भावाचा फोन म्हणजे आधी माझी खरडपट्टी, मग तिच्याशी गप्पा, हा क्रम माझ्या बायकोला, सुनंदाला, पाठ होता. ओले हात पुसत ती फोन घ्यायला आली. हसत आली...

दादा नांदगावहून यायचे आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांची पीएफ-ईएसआयची कामं बघायचे. आमचं पत्र्याचे सुटे भाग बनवणारं प्रेस शॉप सुनंदाच्या नावावर आहे. म्हणजे मालकीण ती, आणि बोलणी खाणारा मी. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, नाव चढल्याशिवाय नवा माणूस मशीनजवळ फिरकायचा नाही, हा दादांचा हट्ट. ते त्याला सरळ माझ्या खुर्चीत बसवायचे, चहा पाजायचे आणि नोंदणी सुरू करायचे. मी आपला दारात उभा.

“अहो दादा, टिकतो का ते तरी बघू दोन-चार दिवस!”

“दाजी, बोट तुटायला दोन-चार दिवस लागत नाहीत.”

नवे कामगार कायदे आले तेव्हा ते घरी आले. बोलताना दम लागत होता, पण समजावण्याची हौस तीच. ताटातली भाकरी वर उचलून म्हणाले, “हा मूळ पगार. ही चटणी, हे लोणचं म्हणजे भत्ते. आता नुसत्या लोणच्यानं ताट भरायचं नाही. निम्मं ताट तरी भाकरीचं पाहिजे.” मी गंभीरपणे मान हलवली. मला फक्त भूक लागल्याचं कळलं होतं.

“दादा, जेव आधी,” सुनंदा म्हणाली. “कायदा गार होत नाही, पिठलं होतं.”

“तायडे, ह्यांना काही कळलेलं नाही. तू लक्ष ठेव.” ती शेवटची भेट.

दादांच्या जागी आम्ही एक एजन्सी नेमली. तिथला मुलगा फार गोड बोलतो. गेल्या आठवड्यात सुरगाण्याचा एक माणूस कामावर आला. मी एजन्सीला फोन केला. “टेन्शन नका घेऊ सर, महिनाअखेरीला सगळ्यांची नावं एकदम टाकू.” मला हायसं वाटलं, आणि मी ते घरी सांगितलं. सुनंदा उठली. चप्पल घालून माझ्याबरोबर अंबडला आली, लॅपटॉप पुढे ओढला आणि त्या माणसाला विचारत विचारत माहिती भरू लागली. बायकोचं नाव, मुलांची नावं, आईचं नाव. मध्येच साइट अडकली, पुन्हा पहिल्यापासून भरलं. दुपार टळली. माहिती सांगून झाल्यावर तो माणूस बाहेर सावलीत बसून होता आणि त्याचं प्रेस मशीन बंद. शेवटी नोंदणी झाली. माणूस आत गेला, प्रेसचा आवाज सुरू झाला. ती मात्र स्क्रीनकडेच बघत बसली.

“जमलं की गं तुला, एकही चूक नाही,” मी म्हणालो.

“चूक झाली असती तरी चाललं असतं हो,” ती म्हणाली. “ओरडायला दादा हवा होता.”