कुर्ती आत घेणार नाही

आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या मावशी टेप लावला की बोलतातच. माझ्या लेकीलाही बोलल्या होत्या, "काहून वं, टेप पुरून नाही राहिला तुले!" दुकानातल्या सगळ्या बायका हसल्या. लेकही हसली, आणि त्या दिवसापासून तिने पोळी सोडली. मग भात सोडला. मी खानदानातली पहिली ग्रॅज्युएट, तरी माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, पोरगी वर्गात पहिली येते तशीच जिद्दीने डाएट करते. मैत्रिणींना कौतुकाने सांगत होते मी!

काल तिला घेऊन, तिची सैल झालेली कुर्ती तिसऱ्यांदा आत घ्यायला गेले. मावशींनी टेप लावला आणि गप्पच झाल्या. मग माझा हात धरून त्यांनी लेकीच्या पाठीवर ठेवला. कपड्याखाली एकेक बरगडी हाताला लागली.

"मी नाही घेत आत," मावशी म्हणाल्या. "मीच बोलली होती वं तिले. डॉक्टरकडे ने, आजच्या आज."

लेक आरशात बघत होती. "घ्या ना मावशी," ती म्हणाली, "किती जाडी दिसून राहिली मी."

मावशींनी टेप गुंडाळून ठेवला. माझा हात लेकीच्या पाठीवरून निघेना.