सिकॅमोरचे माप, दोन बोटे सैल

इस्लामपूरच्या सुशीलाबाई पोरे यांनी चाळीस वर्षे ब्लाउज शिवले. आकडे त्यांना टेपने शिकवले. अक्षरओळख मात्र राहून गेली. ती त्यांनी एकाहत्तराव्या वर्षी, मुलाकडे न्यूझीलंडमधल्या लोअर हटला राहायला आल्यावर, प्रौढांच्या मराठी वर्गात करून घेतली.

वर्गातील ज्येष्ठ मंडळी दर बुधवारी पायी फिरावयास जात. त्या फिरण्यातून मोठ्या सिकॅमोर झाडांची एक वही निघाली. ती वर्गाला मदत करणारे, जवळच्या जॉन्सनव्हिलचे पुरुषोत्तमराव सांभाळीत. ते पूर्वी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते, म्हणून नियमही त्यांचेच: जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटीमीटर उंचीची काठी उभी करावयाची, तेथे खोडाचा घेर मोजावयाचा, आणि मोजणाऱ्याने वहीत स्वतःच्या हाताने लिहावयाचे.

लोअर हटच्या नदीकाठचे झाड सुशीलाबाईंच्या रोजच्या वाटेवर होते. सुनेने, नीताने, एकदा सांगून पाहिले, "आई, त्याला इथे तण म्हणतात. बी उडालं की जिथे तिथे उगवतं."

"तिघांच्या कवेत न मावणारं तण मी पहिल्यांदाच बघते," त्या म्हणाल्या.

मापासाठी त्यांनी चार टेप एकमेकांना शिवून एक लांब टेप केली. चौघे जण खोडाभोवती उभे राहिले. घेर भरला पाच मीटर सेहेचाळीस. तोवर वहीत सर्वांत मोठे असलेले, पुरुषोत्तमरावांनी मोजलेले जॉन्सनव्हिलचे झाड पाच मीटर चव्वेचाळीस होते. सुशीलाबाईंनी वहीच्या नव्या पानावर पहिल्या ओळीत आकडा लिहिला आणि पुढे नाव लिहिले. वर्गाच्या पाटीबाहेर, चारचौघांनी वाचावे असे त्यांनी लिहिलेले ते पहिलेच अक्षर होते. नीताने त्या पानाचा फोटो काढून इस्लामपूरला धाडला.

पुढच्या आठवड्यात नीताला गणपतीसाठी ब्लाउज हवा होता. सुशीलाबाईंनी छातीला टेप लावली आणि सवयीने टेपखाली दोन बोटे घातली.

"सैल ठेवा हं, आई. मागच्या वेळी श्वास घेता येत नव्हता."

"मागच्या वेळी तू जेवून आली होतीस," असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण हात तेथेच थांबला. झाडापाशी आपण काय बोललो होतो, ते त्यांना आठवले. चौघांनाही त्यांनी बजावले होते, टेप आवळू नका, खाली दोन-दोन बोटे ठेवा. चाळीस वर्षांची जीभ. विचारून थोडीच बोलते.

त्यांनी टेप खाली ठेवली. झाडाला कोणी ब्लाउज शिवणार नव्हते. चौघांची बोटे काढली, तर आकडा उतरणार. पहिली ओळ खोडावी लागणार. आपले अक्षर, आणि त्यावर काट.

दुपारभर त्यांनी मशीनला हात लावला नाही. मग फोन केला.

पुरुषोत्तमराव ऐकून हसले. "लोअर हटचं झाड हवा भरून फुगलंय, हे मी म्हणतच होतो. पण राहू द्या, सुशीलाताई. तुमची पहिली ओळ आहे. कोण बघायला जातंय?"

"मी जाते ना रोज, त्याच वाटेने," सुशीलाबाई म्हणाल्या. "आणि तुमचं झाडही मी मोजणार. एकच टेप, एकच हात."

पुरुषोत्तमरावांनी बुधवारी काठी घेऊन येण्याचे कबूल केले.

बुधवारी, तिकडच्या हिवाळ्यात पाने गळालेल्या झाडाभोवती तेच चौघे उभे राहिले. "बोटं बाहेर," सुशीलाबाईंनी हुकूम सोडला. टेप सालीला टेकली. पाच मीटर त्रेचाळीस. मग सारे जॉन्सनव्हिलला गेले. तेथे वारा असा की टेप हातात ठरेना. पुरुषोत्तमराव काठी धरून उभे होते आणि आकड्याकडे मुळीच बघत नव्हते.

"पाच चव्वेचाळीस," सुशीलाबाई म्हणाल्या. "तुमचं खरं होतं."

"एका सेंटीमीटरने जिंकणं म्हणजे काय जिंकणं," असे म्हणत त्यांनी कपाळ पुसले. गार वाऱ्यात त्यांना घाम आला होता. मग खिशातून पेन काढून ते म्हणाले, "आणा वही. दुरुस्ती मी लिहितो, तुम्ही फक्त सही करा."

सुशीलाबाईंनी पेन त्यांच्या हातून घेतले. बाकावर बसून त्यांनी पहिल्या ओळीवर एकच सरळ रेघ ओढली, खालचा आकडा वाचता येईल अशी. नंतर कोऱ्या ओळीवर सावकाश लिहू लागल्या. वाऱ्याने पान उडे, तेव्हा पुरुषोत्तमराव काठीच्या टोकाने ते दाबून धरीत. आजवर सुशीलाबाईंनी पाटीवरचे, नाहीतर पुस्तकातले पाहून लिहिले होते. आज पाहायला काही नव्हते.

लिहून झाल्यावर पुरुषोत्तमरावांनी ते सर्वांना मोठ्याने वाचून दाखविले: "माझ्या सांगण्यावरून टेपखाली बोटे राहिली. खरा घेर पाच मीटर त्रेचाळीस. झाड चांगले आहे. सुशीला पोरे."

"शेवटचं वाक्य नियमात बसत नाही," ते म्हणाले.

"खोडायचं असेल तर पेन घ्या," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि टेपची गुंडाळी करू लागल्या. पुरुषोत्तमरावांनी वही मिटली.