खोक्यातली घार

"अहो बाई, ही सोसायटी आहे, राणीबाग नव्हे!" सेक्रेटरी असे ओरडले, की तिकडे ठाण्यात लोकांनी खिडक्या लावून घेतल्या असतील. मुलुंडला मेव्हण्याच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी केवळ समोशांसाठी बसलो होतो. तिसरा समोसा हातातून पडला.

ज्यांच्यावर ते ओरडत होते त्या साठीच्या बाई मात्र मांडीवरचं खोकं हलकेच थोपटत होत्या. खोक्यात मांज्यानं पंख कापलेली घार होती. बाईंच्या अंगठ्याला एवढी पट्टी, की तिच्यात तान्हं बाळ गुंडाळता आलं असतं. मागणी एकच: बंद पडलेली पंपरूम द्या, आसपासच्या जखमी पाखरांसाठी केंद्र काढते, फुकट चालवीन. घरी बाथरूममध्ये घुबड आहे, आंघोळीला शेजारी जावं लागतं.

यावर सगळे हसले, आणि हसल्यावर नाही म्हणणं जड जातं. ठराव झाला: खोली घ्या, पण सोसायटी शुद्ध शाकाहारी, तेव्हा पक्ष्यांना आत फक्त पनीर. सभासद नसूनही मी दोन्ही हात वर केले. बाईंनी मुकाट्यानं सही केली. इतक्या सहज हो म्हणणारं माणूस एकतर फार भोळं असतं, नाहीतर फार घाईत, असं मला वाटून गेलं.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "अहो ताई, घार पनीर खाते?"

"नाही," खोकं सांभाळत त्या म्हणाल्या. "पण पंख दोन महिन्यांत जुळतो, आणि पुढची सभा वर्षानं आहे."